तीन दिवसांचा एकच आकडा

१९ जुलै

दशांश,

फॉर्मचं उत्तर वरच्या कागदावर आहे, ते तुझ्या संस्थेसाठी. हा खालचा कागद तुझ्यासाठी. फाइलला लावू नकोस.

पाकिटावर तुझी सही दिसली आणि मी फाटकातच उभा राहिलो. पोस्टमन म्हणाला, "वाईट बातमी आहे का?" म्हटलं, "नाही, थर्मामीटरची चौकशी आहे." तो म्हणाला, "मग असं तोंड कशाला केलंय?" त्याला काय सांगू? दोन वर्षांनी तुझं पत्र येतं आणि त्यात पहिला शब्द 'मा. निरीक्षक महोदय'. मी अजून निरीक्षकही नाही आणि महोदय तर सात जन्मात होणार नाही.

निरीक्षक माझा मामा आहे. कॉलेज सोडून घरी गेलो तेव्हा बाबांनी दार उघडलं, पण बोलायला तोंड काही उघडलं नाही. महिनाभर ती शांतता खाल्ली आणि मामाकडे निघून आलो. तू हे केंद्र फक्त कागदावर पाहिलं असशील, म्हणून सांगतो. तारेचं कुंपण, आत गवताचा चौकोन, मधोमध चार पायांवर उभी झडपांची पांढरी पेटी, पेटीत चार थर्मामीटर, त्यातला एक दमटपणा मोजायला कायम ओला ठेवायचा. मागे दोन खोल्या. रोज संध्याकाळी सहाला पेटी उघडायची, आकडे वाचायचे, रजिस्टरात लिहायचे. मामाने हे एकतीस वर्षं केलं, त्याच्या आधीच्या निरीक्षकाने सत्तावीस. अठ्ठावन्न वर्षांत एकही चौकोन रिकामा नाही. मामा हे स्वतः सांगत नाही, मामी सांगायची. "लग्नाच्या दिवशी पण सहा वाजता गायब झाला होता हा माणूस."

तुझा प्रश्न: पाऊस न आलेल्या या जुलैत ९, १० आणि ११ तारखेला सलग कमाल तापमान ४५.८ लिहिलंय, तर थर्मामीटर रोज झटकला होता का? दुसऱ्या कोणाच्या नजरेतून सुटलं असतं. कमाल थर्मामीटरमधला पारा चढतो आणि चढला तिथेच अडकून बसतो, झटकून खाली आणेपर्यंत जुनाच आकडा दाखवतो, हे मला आता कोणी शिकवायला नको. रोज करतो ते. उत्तर फॉर्मवर लिहिलंय. होय, झटकला होता.

मामाची तब्येत बरी नाही, म्हणून सही माझी.

फोन करशील तर लागणार नाही. गेल्या वर्षी मी तो भिंतीवर आपटला. तू उचलत नव्हतीस, आणि भिंत जवळ होती.

भडका
(हे नाव तूच ठेवलंस, तुझं मी; आता तक्रार नको)


२८ जुलै

दशांश,

तुझं उत्तर मिळालं. साडेतीन ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की घडीवर कागद फाटायला आलाय. माझ्या खालच्या कागदाबद्दल त्यात अक्षर नाही. ठीक आहे. ऑफिसचं पत्र आहे, त्यात काय लिहिणार तू.

तुझ्या नव्या प्रश्नाचं उत्तर: पेटी कधीही हलवलेली नाही. सगळ्यात जवळचा डांबरी रस्ता एकशे चाळीस पावलांवर. मी मोजला. मग उलट येताना पुन्हा मोजला, कारण तू विचारलं असतंस.

तू लिहितेस की या सबंध खोऱ्यात एवढी लांब, न तुटलेली नोंद दुसरी नाही, म्हणून अभ्यासाचा मुख्य आकडा इथलाच धरला आहे. लाटेतल्या सगळ्यात तापलेल्या तीन दिवसांची सरासरी. ती तीनच दिवसांची का, हे मला माहीत आहे. कँटीनच्या खिडकीत तू मला समजावलं होतंस. माझा चहा निवला होता आणि मी अर्धं ऐकत होतो, अर्धं तुझ्या हातांकडे बघत होतो. "उन्हाच्या लाटेत पहिल्या दिवशी माणूस दमतो, दुसऱ्या दिवशी झोपत नाही, तिसऱ्या दिवशी पडतो." मग टेबलावर दोन बश्या ठेवल्यास. ही आपली पृथ्वी, ही तीच पृथ्वी पण धुराड्यांशिवायची. कॉम्प्युटरमध्ये दोन्हीकडे हजारो उन्हाळे चालवायचे आणि मोजायचं, अशी लाट इकडे कितीदा येते, तिकडे कितीदा. मी म्हटलं होतं, "दुसऱ्या बशीत आपण दोघं आहोत का?" तू म्हणालीस, "माझ्या कामावर तुझी शायरी सांडू नकोस." मी शायरी आवरली. तेवढ्यापुरती.

मामाची तब्येत बरी नाही असं लिहिलं होतं. ते अर्धंच होतं. मामी गेली.

ती हॉस्पिटलच्या धोबीघरात होती, इस्त्रीखोलीत. वर पत्रे, एकच पंखा, तोही गरम हवा ढकलायचा. लाट सुरू होऊन तिसरा दिवस होता. सकाळी जाताना मला म्हणाली, "माझ्या इस्त्रीला आज वीज लागायची नाही, नुसती खिडकीत ठेवली तरी तापेल." दुपारी दोनला चादरींच्या ढिगावरच पडली. ज्या हॉस्पिटलच्या चादरी करायची त्याच हॉस्पिटलात तिला खालून वर नेलं. मी आणि मामा तिथेच होतो. दाखल्यावर लिहिलंय, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. बस. ऊन नाही, पत्रे नाहीत, इस्त्री नाही. मी त्या डॉक्टरला म्हटलं, "हृदयक्रिया काय, सगळ्यांचीच बंद पडते." तो म्हणाला, "आमच्याकडे असंच लिहितात." मामाने माझा हात धरला नसता तर माझं काही खरं नव्हतं.

म्हणून तुझ्या अभ्यासाची मी वाट बघतोय. कुठेतरी, कोणत्यातरी कागदावर ते लिहिलं जायला हवं.

भडका


७ ऑगस्ट

दशांश,

मसुदा मिळाला. 'निरीक्षकांच्या माहितीसाठी' असा शिक्का मारून तू पहिलं पान पाठवलंस. सगळ्यांना पाठवता की फक्त आम्हाला? सांगू नकोस. फक्त आम्हाला असंच धरतो.

त्यातलं चौथं वाक्य मला पाठ झालं आहे. 'सलग तीन दिवस टिकलेली इतकी उष्णता, तापमानवाढ नसती तर, जवळजवळ अशक्य होती.'

जवळजवळ अशक्य. तुझ्या तोंडून. तू, जी म्हणायचीस की पावसात भिजलेल्या माणसालाही 'भिजण्याची शक्यता वाढली होती' एवढंच सांगावं.

ती पुराची सभा आठवते ना? कॉलेजचा मोठा हॉल, पडद्यावर तू काढलेले आलेख, आपले सर (आता तुझे वरिष्ठ) बोलत होते. मागच्या रांगेतला तो माणूस उभा राहिला, ज्याचं घर वाहून गेलं होतं. हातात टोपी. "साहेब, एवढंच सांगा, हे त्या तापमानवाढीनं झालं का नाही?" सर म्हणाले, "शक्यता अंदाजे दुप्पट झाली." त्याला कळलंच नाही. तो तसाच उभा. आणि मी उठलो. काय काय बोललो ते मला अजून तोंडपाठ आहे, पुन्हा लिहीत नाही. प्रोजेक्टरची वायर मी मुद्दाम ओढली नव्हती, पायात आली. पण पायात आल्यावर थांबलोही नाही. पडदा काळा झाला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर जिन्यात तू मला म्हणालीस, "तू त्या माणसासाठी नाही ओरडलास. टाळ्यांसाठी ओरडलास." हळू आवाजात म्हणालीस. ओरडली असतीस तर मी थांबलो असतो, भांडलो असतो, परीक्षेलाही बसलो असतो. त्या आठवड्यात मी ट्रंक भरली.

तर हे चौथं वाक्य मी मामाला मोठ्याने वाचून दाखवलं. एकदा, मग पुन्हा. वाटलं, काहीतरी बोलेल. मामी गेल्यापासून तो सहाला पेटीकडे जात नाही, वाचन मीच करतो. तो पायरीवर बसून माझ्या पाठीकडे बघतो. वाक्य ऐकून म्हणाला, "हे आपल्या आकड्यावरून काढलंय?" मी म्हटलं, "हो. आपल्याच." तो उठला, नळावर गेला, तांब्या भरला आणि पेटीजवळ जाऊन ओल्या थर्मामीटरच्या वाटीत पाणी ओतून आला. वाटी भरलेलीच होती. पाणी सांडून गवतावर गेलं.

बाकी सगळं छान. सरांना माझा नमस्कार सांगू नकोस.

भडका


१० ऑगस्ट

दशांश,

बसून वाच.

फॉर्मवर मी 'होय' लिहिलं ते खोटं आहे. थर्मामीटर झटकला नव्हता. झटकायला इथे कोणी नव्हतंच. ९ तारखेला, म्हणजे ७ ला सुरू झालेल्या लाटेच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी मामी पडली, ११ ला संध्याकाळी गेली. ते तीन दिवस आम्ही दोघं हॉस्पिटलच्या जिन्यात होतो. १२ ला सकाळी सगळं उरकून परत आलो. लोक खोलीत बसलेले होते, म्हणून मी पेटीपाशी आलो आणि झडप उघडली. पारा ४५.८ वर. तीन दिवसांत कधीतरी तो तिथपर्यंत चढला आणि तिथेच राहिला, कोणी येऊन बघेपर्यंत. कोणत्या दिवशी, ते देवाला ठाऊक. दुसरे दोन दिवस ४३ असतील, ४५ असतील. मला माहीत नाही आणि आता कोणालाच कधी कळणार नाही, कारण वाचून झाल्यावर मी तो झटकला. सवयीने. हातच तसा गेला.

रजिस्टर उघडलं तर तीन चौकोन रिकामे. अठ्ठावन्न वर्षांतले पहिले. आत मामा बायकोशिवाय बसलाय आणि मी त्याच्यासमोर हे पान ठेवू? मी तिन्ही चौकोनांत ४५.८ लिहिलं. एवढंच डोक्यात होतं, आज त्याचं अजून काही जायला नको. ओल्या थर्मामीटरचे आकडेही बनवले, ते मात्र वेगवेगळे, अगदी खरे वाटतील असे. त्यात माझी हुशारी दिसली.

इथपर्यंत कदाचित माफ करता येईल. पुढचं येणार नाही. तुझा प्रश्न आला तेव्हा सांगता आलं असतं, एक रेघ ओढायची होती. मी 'होय' लिहिलं, कारण तू मला विचारत होतीस आणि मला तुझ्यासमोर पुन्हा चुकलेला म्हणून उभं राहायचं नव्हतं. मग मसुदा आला आणि त्यात ते वाक्य. तेव्हा तर मी ठरवूनच गप्प बसलो. सभेतल्या माणसाला न मिळालेलं उत्तर मला मिळत होतं. मामीच्या दाखल्यावर नसलेली ओळ तू लिहून देत होतीस. मी म्हटलं, असू दे खोटं, निष्कर्ष तर खराच आहे ना.

काल मामाने मला पेटीपाशी बोलावलं. खिशातून एक कापडाचा तुकडा काढला, बोटाएवढा. ओल्या थर्मामीटरवर बांधतो ती वात. वाळून पुठ्ठ्यासारखी कडक झालेली. म्हणाला, "ही बारा तारखेला दुपारी काढली. दिवसाआड पाणी घातलं तरी वात मऊ राहते. ही तीन दिवस कोणी बघितली नव्हती."

मी वात हातात घेतली.

"आणि रजिस्टरात तू ओल्याचे आकडे लिहिलेस, दशांशासकट."

"मामा, तुझी अठ्ठावन्न वर्षं..."

"माझी एकतीस. बाकीची त्यांची." मग म्हणाला, "जुलैच्या पानावर मी सही केलेली नाही, बघितलंस का?"

बघितलं होतं. दर महिनाअखेरीला तो सही करतो. मला वाटलं दुःखात राहून गेलं. तो महिनाभर माझी वाट बघत होता, दशांश. सगळं ठाऊक असून. रागावला असता तर मी उलट रागावलो असतो आणि प्रकरण संपलं असतं. मला गप्प करायला तुम्हा दोघांना आवाज लागत नाही.

मी म्हटलं, "खरं सांगितलं तर ते वाक्य जाईल. मामीचं..."

तो म्हणाला, "तुझी मामी एकदा बिछान्याची चादर उलटी इस्त्री करून पाठवली म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत गेली होती. तिच्या नावावर खोटा आकडा ठेवतोस?"

मग आत जाऊन त्याने रजिस्टर आणलं. तीन चौकोनांवर आडवा कंस ओढला, स्केल लावून, आणि शेजारी लिहिलं, 'वाचन झाले नाही. ९ ते ११ जुलै मिळून कमाल ४५.८.' ओल्याचे आकडे खोडले. खाली सही. माझ्याकडे पेन दिलं आणि म्हणाला, "तुझीही कर. हात तुझा होता."

पानाचा फोटो आणि दुरुस्तीचं पत्र वर जोडलंय, दोघांच्या सह्यांचं. त्यात कारण 'घरगुती अडचण' असं मामाने घातलंय. तुला खरं कारण माहीत असावं म्हणून हा कागद. वाक्य काढून टाक. मुदत चुकणार असेल, सर तुला बोलणार असतील, तर माझं नाव सांग. त्यांना आश्चर्य वाटणार नाही.

जिन्यात तू म्हणालीस ते बरोबर होतं. दोन वर्षं ते चुकीचं ठरवायला मी रोज एक नवं भाषण तयार केलं. सगळी चांगली होती. एकही खरं नव्हतं.

भडका


९ सप्टेंबर

दशांश,

फॉर्म नाही, पाकिटात या वेळी हा एकच कागद. फाइलला लावायला काहीच नाही.

महिना झाला. पोस्टमन आता लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणतो, सायकलवरून उतरतसुद्धा नाही. परवा म्हणाला, "वीजबिल आलंय, तेवढ्यावर भागवा."

मुख्यालयातून एक माणूस येऊन गेला. मामाला ताकीद, मला तीन महिने देखरेखीखाली वाचन करायची परवानगी. देखरेख मामाची. म्हणजे मी वाचतो, तो मागे उभा राहून बघतो. पायरीवरून उठून तो सहाच्या वाचनाला पेटीपर्यंत आला, हे त्या माणसामुळे झालं. त्याला हे माहीत नाही, नाहीतर दंड केला असता.

उन्हाळा उतरलाय. सहाला आता सावली कुंपणापर्यंत जाते. मामीची एक साडी अजून दोरीवर आहे. वाळून दोन महिने झाले. काढायची कोणी हे ठरत नाही.

झटकताना थर्मामीटर मुठीत घट्ट धरून हात खांद्यापासून फिरवावा लागतो. पारा खाली यायला नाखूष असतो. दोनतीनदा फिरवलं तरी कधी कधी थोडा वरच राहतो. इथे मी तुझ्यामाझ्याबद्दल एक वाक्य लिहिलं होतं. खोडलं. तुझ्या कामावर सांडलं असतं.

तू काय करत असशील सहा वाजता? मला एवढंच रोज वाटतं. बाकी दिवसभर बरा असतो मी.


२६ सप्टेंबर

दशांश,

आज जाडजूड पाकीट आलं. पोस्टमन सायकलवरून उतरला.

अहवाल मी आधी एकट्याने वाचला, पेटीच्या सावलीत बसून. चौथं वाक्य गेलंय. त्या जागी आता असं आहे की अशी लाट आजच्या हवामानात साधारण चाळीस वर्षांत एकदा येऊ शकते, आणि तापमानवाढ नसती तर ती सुमारे आठपट दुर्मीळ असती. मग तुझी ती चूकभूल, कमीत कमी चारपट, जास्तीत जास्त बरीच. पूर्वी मी हा कागद चुरगळला असता. आज मी त्यातला 'कमीत कमी' तीनदा वाचला. तेवढं तरी नक्की आहे. इतकं नक्की मी आजवर काही बोललेलो नाही.

मग पान अकरावर खाली बारीक अक्षरात ती टीप.

'या केंद्रावर ९ ते ११ जुलै या काळात दैनिक वाचन झाले नाही. तीन दिवसांचे मिळून एकच कमाल तापमान उपलब्ध आहे. निरीक्षक त्या दिवसांत रुग्णालयात होते. धोबीघरात इस्त्रीचे काम करणाऱ्या त्यांच्या पत्नी लाटेच्या तिसऱ्या दिवशी, ९ जुलै रोजी, कामावर कोसळल्या व ११ जुलै रोजी मरण पावल्या.'

कारण लिहिलेलं नाही. ते तू लिहिणार नाहीस, दाखला तुझ्याकडे नाही. पण लाटेचा तिसरा दिवस तू लिहिलास, आणि इस्त्री लिहिलीस.

मामाला मी ते वाचून दाखवलं. त्याने टीप स्वतः वाचायला मागितली, चष्मा लावून, बोट फिरवत. मग अहवाल मांडीवर ठेवून बसला. म्हणाला, "आठपट म्हणजे, त्या दुसऱ्या पृथ्वीवर आठातल्या सात वेळा ही लाट आलीच नसती?"

"साधारण तसं," मी म्हटलं.

"मग आठातल्या सात वेळा ती आत्ता आत चहा टाकत असती."

असं म्हणता येतं का, दशांश? मला वाटतं तू म्हणशील, लाट वेगळी आणि माणूस वेगळा, पत्रे होते, पंखा एकच होता, आकडा असा एका बाईवर बसवता येत नाही. मी हे सगळं त्याला सांगू शकलो असतो. तो सभेतल्या त्या माणसासारखाच बघत होता. पण मी उठून ओरडलो नाही, आणि शिकवलंही नाही. शेजारी बसलो. थोड्या वेळाने तो उठला आणि दोरीवरची साडी काढून, घडी घालून आत घेऊन गेला. त्याचं उत्तर तू दे. तूच देऊ शकशील, आणि समोर बसूनच द्यावं लागेल.

अहवालाला जोडलेली आमच्या दुरुस्तीपत्राची पोच मी शेवटी बघितली. छापील चौकट, तारीख, शिक्का. खाली शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने, तुझ्या बारक्या अक्षरात तीन शब्द. 'मिळालं. वाचलं. दोन्ही.'

दोन्ही.

वरचे कागद आणि जुलैपासूनचे सगळे खालचेही, म्हणजे. मी तो रकाना मामाला दाखवला नाही. तेवढी एक नोंद माझ्याकडे ठेवली.

पान चौदावर लिहिलंय की नोंदीत खंड पडलेल्या केंद्रांची प्रत्यक्ष पाहणी व्हायला हवी. कोण येणार ते लिहिलेलं नाही. बसथांब्यापासून पंधरा मिनिटं चालायचं आहे, फाटकाची कडी डावीकडून निघते. यायचं झालं तर सहाच्या आधी ये. सहाला मी कोणाशी बोलत नाही.

आजचं कमाल तापमान ३३.४. मामाने मागे उभं राहून बघितलंय. वाचून झालं, लिहून झालं, झटकला आहे.